उत्तर येईपर्यंत

टेबलावर दुपारचं ऊन सुस्तावलं होतं आणि माझ्या लॅपटॉपला आसपासचं एकही वायफाय सापडत नव्हतं. चूक कर्नलमध्ये होती, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात. स्कॅन म्हणजे तरी काय, एकेका चॅनेलवर जरा थांबायचं, "कोणी आहे का?" विचारायचं आणि ऐकायचं. वेग वाढवायच्या नादात आम्ही प्रोग्रामरांनी ते थांबणं इतकं कमी केलं होतं, की उत्तर येईपर्यंत यंत्र पुढच्या दाराशी गेलेलं असायचं.

थांबणं वाढवलं. तिन्हीसांजेला समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागावा, तशी पडद्यावर नावं उमटू लागली. सगळ्यांत शेवटी, अगदी क्षीण, 'नाना'. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं वायफाय. नाना, म्हणजे काकूंचे यजमान, गेले, पण त्यांनी ठेवलेलं नाव काकूंनी बदललेलं नाही.

काकूंचा डबा ओट्यावर पडून होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात दोन लाडू ठेवले आणि खाली गेलो. एरवी मी बेल वाजवतो आणि पिशवी कडीला अडकवून परततो. आज बेल वाजवून तसाच उभा राहिलो. आत बराच वेळ सामसूम होती. मग सपातांचा सावकाश आवाज आला, आणि दाराआडून काकूंचा.

"आले रे, आले. आहेस ना अजून?"