शहामृगाची जाहिरात

‘पडलो तरी नाक वर’ ही म्हण ज्याने कोणी केली, त्याने पडदेवाल्यांना पाहिलेलं नसणार. कारण पडदेवाल्यांच्या मते ते आजवर कधी पडलेच नव्हते. जमीनच वर आली होती.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं पडद्यांचं दुकान. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडकीचं माप घ्यायचं, कापड पसंत करून घ्यायचं, शिवून आणायचं, रॉड ठोकायचा आणि निघताना सांगायचं, “आता समोरच्यांना तुमच्या घरात काय शिजतंय ते कळायचं नाही.” खासगीपणा हा त्यांचा धंदा होता आणि तोच धर्मही. फोनच्या कॅमेऱ्यावर लोक चिकटपट्टी लावतात, ते त्यांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी नखाएवढा पडदा शिवला. निळा, अस्तरासकट, बारीक चुण्यांचा, ओढायला दोरा असलेला. त्यांच्या मुलीला मैत्रिणींपुढे या फोनची लाज वाटायची, आणि तो त्यांना दाखवल्याशिवाय राहवायचंही नाही.

आता एवढ्या हुन्नरी माणसाच्या स्वतःच्या घरात काय असावं? बैठकीच्या खोलीतला बगळ्यांचा पडदा उलटा. पाय छताकडे, चोची जमिनीकडे. लग्नानंतर नव्या संसाराच्या घाईत शिवला होता. बायकोने दाखवून दिलं तेव्हा ते म्हणाले, “ते सूर मारतायत.”

“सगळेच्या सगळे?” बायकोने विचारलं.

“थवा आहे तो.”

विषय तिथे संपला असता. पण पुढे तो पडदा विरला, तेव्हा या गृहस्थांनी सगळा घाऊक बाजार पालथा घालून तेच कापड शोधलं आणि नवा पडदाही उलटाच शिवला. तत्त्वाचा प्रश्न होता म्हणे. बायकोने कपाळावर हात मारला आणि बगळ्यांना पाठ करून बसायची सवय लावून घेतली.

ही बायको बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. फलाटाच्या टोकाला गाढ झोपलेला माणूस तिच्या आवाजाने उठून आपल्या गाडीत जाऊन बसे. हा आवाज घरी येताना स्थानकावर ठेवून यायची काही सोय नव्हती. ती “मीठ संपलंय” म्हणाली की खालच्या मजल्यावरची माणसं आपलं मीठ बघायची.

दुकान बंद करून आलं की पडदेवाले हातपाय धुऊन फोन घेऊन बसत आणि ‘विज्ञान, तंत्रज्ञान आणि इतर भांडणं’ नावाच्या ऑनलाइन गटात शिरत. तिथे त्यांचं नाव होतं ‘जागा माणूस’. फोनची बॅटरी पूर्ण भरावी की थोडी रिकामी ठेवावी, यंत्राला कंटाळा येऊ शकतो का, मांजरांचे व्हिडिओ बघून माणूस मठ्ठ होतो की मुळात मठ्ठ माणूसच ते बघतो, असल्या प्रश्नांवर तिथे रोज रणं माजत. गट सांभाळणाऱ्याचं नाव ‘उकडलेला बटाटा’. आणि जाग्या माणसाच्या मुळावर आलेली एक बाई होती. तिच्या फोटोच्या जागी गोगलगाय आणि नाव ‘पुरावा दाखवा’.

एका संध्याकाळी जाग्या माणसाने लिहिलं, “फोन आपलं बोलणं सतत ऐकत असतो. काल मी बायकोला म्हणालो की गुडघा दुखतोय, तर आज गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात. आता बोला!”

गोगलगाय ताबडतोब बोलली. “तुमचं वय फोनला माहीत आहे. त्या वयात गुडघा दुखतोच. ऐकायची गरज काय?”

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कोणीतरी लिहिलं, “मी फक्त भांडण वाचायला आलोय, चालू द्या.” पडदेवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शब्दाने शब्द वाढला आणि अखेर गोगलगायीने पैज लावली. आठवडाभर फोनसमोर अशा वस्तूबद्दल बोलायचं, जिचा तुमच्याशी काडीचा संबंध नाही. ती शोधायची नाही, लिहायची नाही, नुसतं बोलायचं. तिची जाहिरात आली तर गोगलगाय सगळ्या गटासमोर लिहील, ‘माझं चुकलं’. नाही आली तर जागा माणूस लिहील. आणि ते वाक्य महिनाभर सगळ्यात वर टांगलेलं राहील.

“मंजूर!” जाग्या माणसाने लिहून टाकलं, आणि मग अट पुन्हा वाचली. ते दोन शब्द त्यांनी जन्मात कधी उच्चारले नव्हते. ते जिभेवर बसतात कसे, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

बायको मागे उभी राहून वाचत होती. “म्हणजे हरलात तर तुम्ही ‘माझं चुकलं’ लिहिणार?”

“हरलो तर.”

“सगळ्यांसमोर?”

“अगं हो, पण हरतोय कोण?”

बायकोने ओले हात पदराला पुसले. “मग मी पण मदत करते,” ती म्हणाली. कोणाला, ते तिने सांगितलं नाही.

वस्तू मुलीने सुचवली. शहामृग. “बाबा, आपल्या अख्ख्या खानदानात कुणी शहामृग घेतलेलं नसणार.” ते गुपित तिने कॉलेजातल्या संगणकावरून साक्षीदार म्हणून बटाट्याला कळवलं, म्हणजे घरच्या फोनला त्याचा वासही नको.

दुसऱ्या सकाळपासून प्रयोग सुरू झाला. साखरेच्या डब्याला टेकवून फोन टेबलावर उभा केला आणि तिघं त्याच्यासमोर बसली.

“अहो!” बायको म्हणाली, आणि भांडी थरथरली. “शहामृगाचं खाद्य संपलंय!”

“किती आणू?”

“पोतंभर आणा! काल उपाशी झोपलं बिचारं!”

पहिल्या दिवशी तिघांना हसू आवरेना. पण पडदेवाल्यांना हळूहळू त्यात रस वाटू लागला. “त्याला न्हाणीघरात बांधू नकोस. आरसा दिसला की चोच मारतं,” ते गंभीरपणे सांगायचे. “आणि त्याच्या पिसांत हात घालू नको ग, त्याला गुदगुल्या होतात,” असं मुलीला बजावायचे. मधल्या एका दिवशी तर शहामृगाला सर्दी झाली आणि त्याच्या एवढ्या लांब गळ्याला मफलर किती लागेल याचा त्यांनी धंद्याच्या सवयीने चुण्यांसकट हिशोब केला.

जाहिराती मात्र यायच्या त्याच आल्या. गुडघ्याचे पट्टे, टक्कल झाकायचं तेल आणि त्यांच्या दुकानासमोरच्या प्रतिस्पर्ध्याचे पडदे. हा शेवटचा घाव त्यांच्या फार वर्मी लागला.

अशात एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरची बेकरीवाली भेटली. तिने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “काका, अंडी घालतं का ते?”

“कोण?”

“आता माझ्यापासून काय लपवता? तुमचं ते मोठं. त्याच्या एका अंड्यात माझे केक किती होतील, तेवढं विचारायचं होतं.”

पडदेवाल्यांचे डोळे चमकले. “तुम्हाला फोनवर कळलं का? जाहिरात आली?”

“फोनवर कशाला? खिडकीतून कळलं. सर्दी बरी आहे का आता?”

पडदेवाल्यांनी मान हलवली आणि ते वर गेले. भिंतीलाही कान असतात, हे त्यांना म्हणीपुरतंच माहीत होतं. खिडक्यांचा धंदा करून म्हातारा होत आलेला हा माणूस, पण पडद्यातून नजर अडते, आवाज नाही, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आताही आलं नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

आठवडा संपायला एक संध्याकाळ उरली होती तेव्हा दारावर थाप पडली. दारात भिंतीपलीकडचे शेजारी, म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. हा माणूस कुत्र्यालाच काय, कबुतरालाही घाबरायचा. तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि मान लांबवून न्हाणीघराकडे बघू लागला.

“बांधलंय ना?” त्याने विचारलं. “हे बघा, इमारतीत पाळीव प्राण्यांना बंदी आहे. आणि तुमच्या त्या प्राण्यापायी माझ्या फोनवर बघा काय चाललंय!”

त्याने फोन पुढे केला. शहामृगाचं खाद्य. शहामृगासाठी कुंपण. शहामृगाच्या कातड्याचं पाकीट. बोट फिरवावं तिकडे शहामृगं धावत होती.

पडदेवाल्यांनी तो फोन हिसकावलाच. धडाधड फोटो काढले, आणि सेक्रेटरीला खुर्चीत बसवून बायकोने चहा ठेवेपर्यंत गटात टाकलेसुद्धा. “हा घ्या पुरावा! माझ्या फोनने नव्हे, शेजाऱ्याच्या फोनने ऐकलं. भिंतीपलीकडून!”

गटात हलकल्लोळ झाला. बटाट्याने जाहीर केलं की ठरलेलं गुपित शहामृगच होतं. आणि सगळ्यांच्या देखत गोगलगायीने लिहिलं, “माझं चुकलं.” लगेच. जणू दाराची कडी काढावी इतक्या सहज. वर आणखी हसरा चेहरा.

पडदेवाले हरभऱ्याच्या झाडावर चढले ते थेट शेंड्यावर. “बघितलंस?” ते बायकोला म्हणाले.

सेक्रेटरी चहाचा घोट घेत म्हणाला, “आठवडाभर मला चैन नाही हो. रोज शोधतोय. ‘शहामृग जिना चढतं का’, ‘शहामृगाने लाथ मारली तर काय लावावं’, ‘शहामृगाला दार उघडता येतं का’. रोज लिहितोय न् वाचतोय, न् जास्तच घाबरतोय.”

मुलीने वडिलांकडे पाहिलं. “बाबा, म्हणजे यांनी स्वतःच शोधलं होतं. मग जाहिराती येणारच ना.”

“तू अभ्यास कर,” पडदेवाले म्हणाले.

बायको खुर्ची फिरवून कितीतरी वर्षांनी बगळ्यांकडे तोंड करून बसली.

पुढचे काही दिवस जागा माणूस गटाचा राजा होता. लोक त्याला दंडवत घालत होते. कोणी शहामृगाला चष्मा लावून चित्रं काढली, कोणी त्याला डिटेक्टिव्हची टोपी घातली. पडदेवाले ती चित्रं बघत, पण पूर्वीसारखं हसू फुटत नव्हतं. घरात शहामृगाचं नाव निघेनासं झालं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची आठवणही यायची.

मग एका संध्याकाळी गोगलगायीने लिहिलं, “जागा माणूस, तुमचं ऐकून मी माझ्या आईला सांगितलं की फोन सगळं ऐकतो, जरा जपून. तिने धसकाच घेतला. आता ती फोन फ्रिजमध्ये ठेवते. काल दिवसभर तिने फोन उचलला नाही. मी रडत तिच्या घरी पळत गेले, तर ती मजेत टीव्ही बघत होती आणि फोन कोबीशेजारी वाजत होता.”

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पडदेवाल्यांना हसू आलं नाही. रडत पळणारी गोगलगाय त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यांना मनापासून लाज वाटली, आणि लाज वाटण्याची त्यांना इतकी कमी सवय होती की आधी त्यांना ते पित्तच वाटलं. त्यांनी पाणी पिऊन पाहिलं. उतरलं नाही.

ते फोन घेऊन टेबलाशी बसले. सेक्रेटरीने स्वतः शोधलं होतं, हे लिहून झालं. फोन ऐकत असल्याचा आपल्याकडे काही पुरावा नाही, हेही झालं. आईंना फोन फ्रिजमधून काढायला सांगा, हेसुद्धा. शेवटचे दोन शब्द तेवढे राहिले. बोट ‘म’वर जाई आणि परत येई. एकदा तर ‘माझं चु’पर्यंत मजल गेली आणि त्यांनी ते पुसून टाकलं.

“लिहवत नसेल तर बोला,” बायको म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती बोलू शकते हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. “बोललेलं लिहून घेतो ना तो. माइक चालू करा.”

पडदेवाले उठले. खिडकी लावली. कडी घातली. बगळ्यांचा पडदा ओढून घेतला. फोनचा माइक, जो त्यांनी शहामृगाचा आठवडा संपल्यापासून बंद ठेवला होता, तो चालू केला. फोन तोंडाजवळ धरला, डोळे मिटले, आणि मुंगीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“माझं चुकलं.”

फोनमधली बाई अदबीने म्हणाली, “माफ करा, मला काही ऐकू आलं नाही. कृपया पुन्हा बोला.”

बायको उठली. तिने पडदा बाजूला सारला, कडी काढली आणि खिडकी सताड उघडली. आणि मग आपल्या फलाटावरच्या आवाजात म्हणाली, “हो, पुन्हा बोला. आणि या वेळी त्यात बगळ्यांचंही घ्या.”