आत्याने मागितलेली ओवाळणी

आमच्या आत्याइतकी स्वप्नाळू बाई अख्ख्या मुलुंडमध्ये नव्हती, आणि तिच्याइतकी हट्टीही नव्हती. चहाचं आधण ठेवून ही खिडकीतून डोंगराकडे बघत बसायची. भांडं करपलं की म्हणायची, "अगंबाई! मी दोन हजार साली पोचले होते." तोवर मुलगे-मुली सारखे होणार, आपलं काम संपणार आणि मग आपण निवांत भरतकाम करणार, असा तिचा हिशोब. त्यासाठी लाकडी रिंग आणि पांढरं कापड तिने वीस वर्षं आधीच आणून ठेवलं होतं. आता बोला!

ती टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि संध्याकाळी चाळीच्या गच्चीवर मुलींचं मंडळ भरवायची. पहिला धडा एकच, डोंगराकडे तोंड करून आपलं नाव ओरडायचं. पहिले काही दिवस पोरी नुसत्या खुदखुदल्या. महिन्याभरात कावळे उडायला लागले. माझी ताई तर अशी ओरडायची की खालच्या मजल्यावरचे आजोबा विचारायचे, "कोण मेलं गं?" आत्या वरून सांगायची, "कोणी मेलं नाही आजोबा, पोरी जन्माला येतायत."

रविवारी आम्हा मुलग्यांचा वर्ग. बटणं शिवायची, तांदूळ निवडायचे, आणि एक मुलगी पंधरा मिनिटं बोलेल ते मधे न बोलता ऐकायचं. हे शेवटचं महाकठीण! "मुलींना बोलायला शिकवते, मुलग्यांना ऐकायला. धडा एकच आहे रे," आत्या म्हणायची. आम्ही जायचो ते शेवटी मिळणाऱ्या खोबऱ्याच्या वड्यांसाठी, खोटं कशाला बोलू?

ताई दहावीला होती त्या वर्षी आई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. दिवाळीत बाबांनी जाहीर केलं, "बोर्डाचा फॉर्म भरायचा नाही. घर कोण बघणार? पाणी कोण भरणार?" जिच्या आवाजाने कावळे उडायचे, ती ताई मान खाली घालून गप्प राहिली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, हे आज सांगतानाही लाज वाटते.

भाऊबीजेला ताई मला ओवाळत होती. मी ऐटीत पेन पुढे केलं. आत्या शेजारीच बसली होती.

"भावाचं काम काय असतं रे?"

"बहिणीचं रक्षण करायचं," मी म्हणालो.

"कुणापासून? डोंगरावरून वाघ येतोय का? हिची दहावी खालच्या नळावर बुडतेय. पेन ठेव खिशात. परीक्षेपर्यंत पाणी तू भर, हीच ओवाळणी."

ताईच्या हातातलं तबक थांबलं. निरांजनासमोर मागितलेली ओवाळणी नाकारायची नाही, हा आमच्या आजीचा नियम. तो मोडायची हिंमत बाबांचीही नव्हती. फॉर्म भरला गेला.

पहाटे पाचला नळावर सगळ्या बायका आणि मी एकटा! "काय रे, सासरी छळत नाहीत ना?" त्या विचारायच्या. अर्धं पाणी जिन्यात सांडायचं. आत्याचा मला अस्सा राग यायचा! पण वरून ताईचा मोठ्याने वाचण्याचा आवाज यायचा, आणि हळूहळू तो ऐकायला मी आपणहून लवकर उतरू लागलो.

परीक्षेच्या पहिल्याच दिवशी मला जाग आली नाही. धावत खाली गेलो, तर रांगेत बनियनवर बाबा उभे. आकाशाकडे असे बघत होते, जणू ते आजच पहिल्यांदा दिसत होतं. गॅलरीतून आत्या हळूच म्हणाली, "दादा, कळशी भरली." बाबांनी ती खांद्यावर घेतली.

ताई शिकली, शिक्षिका झाली. दोन हजार साल आलं तेव्हा मी आत्यापुढे ती रिंग धरली. "घे, झालं ना तुझं काम?" ती डोंगराकडे बघत राहिली. "थांब रे, थोडं राहिलंय."

आता आत्या नाही. रिंग ताईकडे आहे, कापड अजून कोरंच आहे. रविवारी ताईच्या गच्चीवर मुलगे तांदूळ निवडत बसतात, आणि त्यांच्यासाठी खोबऱ्याच्या वड्या मी करतो. हटकून करपतात. डोंगराकडे बघत बसतो ना!