कॅनडा, इंग्लंड आणि आमची विहीर

माझ्या आईने उरलेलं आयुष्य कुठे काढावं, हे ठरवण्यासाठी एके काळी तीन खंड कामाला लागले होते.

गोष्ट ऐंशी सालानंतरची. वडील जाऊन वर्ष झालं होतं. मी आचऱ्याला हायस्कुलात भूगोल शिकवत होतो, धाकटा भाऊ सुधीर कॅनडात इंजिनियर होता आणि बहीण मंगल लग्न होऊन इंग्लंडला गेली होती. एकाच आठवड्यात दोघांची निळी पत्रं आली. सुधीरने लिहिलं होतं की आईने फार कष्ट केले, आता तिला कायमची इकडे पाठव, तिकीट मी काढतो. मंगलने जवळजवळ शब्दन्‌शब्द तेच लिहिलं होतं आणि खाली पुरवणी जोडली होती, 'सुधीरकडे पाठवू नकोस, गोठून जाईल.' सुधीरच्या पुरवणीत, इंग्लंडमध्ये माणसाला सूर्य दिसत नाही, असं होतं.

म्हणजे कॅनडा की इंग्लंड, एवढाच प्रश्न! आचरा नावाचं एक गाव आहे, तिथे थोरला मुलगा राहतो, त्याने आईला काही अंदमानात ठेवलेलं नाही, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये? मला भयंकर संताप आला. (तो बायकोवर निघाला. तीच जवळ होती.) खरं सांगायचं तर त्या संतापाच्या खाली भीती होती. आई नसलेलं घर मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. पण भूगोलाच्या मास्तराने घाबरलो असं कसं म्हणायचं? मी दोन्ही देशांना शास्त्रीय पद्धतीने नापास करायचं ठरवलं.

शाळेतून तक्त्याचा मोठा कागद आणला. दोन रकाने आखले, एक कॅनडाचा, एक इंग्लंडचा. हवामान, जेवणखाण, शेजार, देवधर्म अशा विषयांना दहा-दहा गुण ठेवले आणि तक्ता पडवीच्या भिंतीला ठोकला. हवामानात कॅनडाला शून्य दिलं. इंग्लंडला दोन, पाऊस ओळखीचा म्हणून. जेवणखाणात दोघांनाही एकेक, कारण नारळ नाही. ज्या देशात नारळ होत नाही त्याला प्रगत कुणी ठरवलं, हे मला आजही कळलेलं नाही. (मी स्वतः तोवर कोल्हापूरच्या पुढे गेलो नव्हतो. पण भूगोल शिकवायला जावं लागत नाही.)

आई तक्त्यासमोर बसून सुपारी कातरत होती. चौथीपर्यंत शिकली होती, वाचता येत होतं, पण नजर अडकित्त्यावरून हलली नाही. तेव्हा मी साक्षीदार आणला. शेजारचे गुंडूकाका तीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी होते. त्यांनी जगातली सगळी बंदरं पाहिली होती, म्हणजे बंदरंच. साक्ष कशी द्यायची हे मी त्यांना आदल्या दिवशी तळलेल्या सुरमईच्या चार तुकड्यांवर नीट समजावलं होतं.

सुरुवात झकास झाली.

"वयनी," काका आईला म्हणाले, "कॅनडाक भायर थुकलात तर थुकी भुंयर पडूच्या आधी गोठान जाता."

"मगे माणसां ऱ्हवतत कशी?"

"घरात कसलो त्रास नाय. भिंतीतसून ऊब येता. नळ सोडलो की कढत पाणी. चूल पेटवची नाय, बावडेर पाणी ओढूक जावचा नाय. राणयेसारख्या ऱ्हवतलात."

मी काकांना डोळे मोठे करून दाखवले. काकांना वाटलं, मला आणखी ऐकायचंय. मग त्यांनी इंग्लंडचंही तसंच वर्णन केलं आणि वर दुधाची बाटली दारात येते म्हणून सांगितलं. सुरमईचे चार तुकडे पाण्यात गेले!

आता शेवटचं हत्यार काढणं भाग होतं. मी आईला सांगितलं की दोन्ही देशांत संडासात पाणी नसतं. आईचा अडकित्ता थांबला.

"मगे काय करतत?"

"कागद."

मग आई माझ्या बायकोकडे वळली. "सुमन गो, शिकलेली माणसां मा ती?"

मी दोन्ही रकान्यांत लाल शाईने शून्य काढलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

दोन दिवसांनी आईने मला पत्र लिहायला बसवलं. तिला दोघांना काही प्रश्न विचारायचे होते. मी आनंदाने पेन उघडलं. मला वाटलं, कागदाचीच चौकशी असेल. तर प्रश्न निराळेच निघाले. पाणी स्वयंपाकघरापासून किती लांब? ते ओढतं कोण? सकाळी आधी कोण उठतं? चहा कोण करतं? जेवल्यावर ताट कोण उचलतं? हे पाच प्रश्न मी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दोन खंडांना पाठवले. त्यात माझ्याविरुद्ध काही आहे, अशी शंकासुद्धा मला आली नाही.

महिन्याने उत्तरं आली. मीच मोठ्याने वाचली. पाणी स्वयंपाकघरातच. ओढावं लागत नाही. सुधीर सकाळी उठून स्वतः चहा करतो, बायकोला देतो आणि आपली बशी आपण विसळतो. (हा सुधीर! आचऱ्यात असताना पाण्याचा तांब्या पायाशी असला तरी आईला हाक मारायचा!) मंगलचा नवरा भांडी पुसतो, असं मंगलने अधोरेखित करून लिहिलं होतं. मी म्हटलं, परदेशात गेलं की माणसं काहीही लिहितात.

आई उठली आणि तक्त्यासमोर उभी राहिली.

"आता तिसरो रकानो काड. आपल्या घराचो."

"आये, ह्यो तक्तो पुढारलेल्या देशांचो."

"काड म्हटला मा?"

काढला. सुमन हातातली भाजी टाकून पडवीत येऊन बसली. असं ती कीर्तनालाच बसते. विहीर साठ पावलांवर, हे लिहून झालं. पाणी कोण ओढतं, यावर मी सुमनकडे पाहिलं आणि सुमनने माझ्याकडे. आधी कोण उठतं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. चहाच्या प्रश्नावर मात्र मी बाजू मांडली.

"माका शाळेक जावचा आसता."

"सुधीर काय झोपान पगार घेता?"

राहता राहिलं ताट. माझं ताट जेवल्यावर कुठे जातं, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता. आईने लाल शाईची दौत पुढे सरकवली. पाचांपैकी पाच शून्यं मी माझ्याच हाताने काढली, कारण काहीही झालं तरी गुण देताना मी लबाडी करत नाही. हवामानाचे दहा मात्र भांडून घेतले.

अपमान मुकाट गिळणाऱ्यांतला मी नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच विहिरीवर गेलो. रहाट होता, दोर होता आणि वालावलच्या माहेराहून आईबरोबर लग्नात आलेली तांब्याची कळशी होती. कप्पीचं तत्त्व मी विज्ञानाच्या मास्तरांच्या बदली तासाला शिकवलेलंही होतं. गाठीचं तत्त्व पुस्तकात नव्हतं. पहिल्याच खेपेला दोर वर आला, कळशी आली नाही. ती कुठे गेली म्हणून वाकून पाहिलं, तर चष्माही तिच्या सोबतीला गेला.

पाच मिनिटांत निम्मी वाडी जमली. गुंडूकाका लोखंडी गळ घेऊन आले आणि दुपारपर्यंत तो पाण्यात फिरवत लिव्हरपूलच्या नळांचं वर्णन करत राहिले. मी चष्म्याशिवाय काठावर उभा होतो आणि जो जवळ येईल त्याला दोराच्या हलक्या दर्जाबद्दल सुनावत होतो. माझ्या मागून सुमनने शेजारच्या विहिरीवरून दिवसाचं सगळं पाणी भरलं, हे मला संध्याकाळी कळलं. कळशी मिळाली. पोचा आलेली. चष्मा अजून तिथेच आहे.

आईने कळशीवरून हात फिरवला, ती चुलीशी नेऊन ठेवली आणि मला म्हणाली, दोघांनाही लिहून टाक, मी येत नाही.

माझी छाती फुगली! दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी दोन प्रगत राष्ट्रांच्या पराभवाचा वृत्तान्त सांगितला. मायभूमी, संस्कार, समुद्रावरचा वारा, काही म्हणून सोडलं नाही. घरी येऊन पत्र लिहायला बसलो आणि आईला म्हटलं, कारण काय लिहू ते सांग, भावाबहिणीला जरा कळू दे.

"थंय जावन मी काय करू?" आई म्हणाली. "ती दोघांय शाणी झाली. चाय करतत, ताटां धुतत. तुका असो टाकून मी खंय जातलंय?"

आई राहणार याचा आनंद मला इतका झाला की आपला अपमान झालाय, हे कळायला थोडा वेळ लागला. (महिन्याभरात मी विहिरीवर पंप बसवला, हे इथेच सांगून ठेवतो. नाहीतर वाचकही कॅनडाच्या बाजूने जातील.) पत्रात मी शुद्ध मराठीत एवढंच लिहिलं, 'येथील परिस्थिती पाहता आईस तूर्त येणे शक्य नाही.' सुमन म्हणाली, खाली माझा नमस्कार घालते. तिने बराच वेळ घातला.

पोस्टाच्या दारात उभं राहून, चिकटवण्यापूर्वी, मी ते वाचलं. तिने लिहिलं होतं, 'परिस्थिती म्हणजे हे. पण सुधारणा आहे. आज सकाळी स्वतः उठून सर्वांना चहा केला. चहापूड घालायची तेवढी राहिली.'