चार बोटं ताडपत्री

सुरतच्या डिंडोलीत राहणाऱ्या चंचल पाटील हिचे नाव आजोबांनी ठेवले. आजोबांच्या दूरदृष्टीविषयी घरात त्यानंतर फारसे कोणी बोलत नाही. एकोणतीस वर्षांची ही मुलगी घराबाहेर पडताना आपल्या कपाटाचे कुलूप तीनदा ओढून पाहते. रिक्षावाल्याला पत्ता सांगून झाला की तोच पत्ता त्याच्याकडून वदवून घेते. लग्नपत्रिका हाती आली की तिथी, तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडून पाहण्याचा तिचा परिपाठ आहे. दोन वेळा वार खरोखरच चुकलेला निघाला आणि तिने वरपित्याला फोन करून तसे कळवले. दोन्ही वेळा तिचे आभार कोणी मानले नाहीत.

अशा स्वभावाला साजेशी नोकरीही तिला मिळाली. भेस्तानमधल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बसवायच्या इलेक्ट्रॉनिक पेट्या बनतात. विणलेले कापड लूमने किती सावकाश पुढे ओढायचे, हे ती पेटी ठरवते, आणि पेटीने काय ठरवायचे, हे चंचल सी भाषेत लिहिते. लिहिलेला प्रोग्रॅम पेटीत भरण्यापूर्वी कंपायलरच्या हाताखालून जातो. तो मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवतो आणि उतरवता उतरवता तपासतोही: आकडा हवा तिथे अक्षरे दिली, की अडवतो. चंचलची कंपायलरवर अढळ श्रद्धा होती. त्याने तक्रार न करता काम आटोपले, की शेजारच्या टेबलावरच्या योगेशला ती समाधानाने सांगे, "एक शब्द बोलला नाही." घरातल्या सुनेचे कौतुकही लोक याहून कमी अभिमानाने करतात.

चंचलचे वडील छगन पाटील सव्वीस वर्षे लिंबायतच्या एका कारखान्यात लूम चालवतात. अमळनेरकडून ते सुरतेला आले तेव्हा पंचविशीतले होते. मुलीची पेटी तयार झाल्याचे कळताच त्यांनी, कोणी विचारलेले नसताना, कारखान्याच्या बाबुराव मास्तरांना आपल्या अहिराणीत शब्द दिला, "पहिली पेटी मना लूमवर लावा. पोरनं काम शे, चुकावं नही." लूम दुरुस्त करणाऱ्या आणि कामगारांवर देखरेख ठेवणाऱ्या माणसाला तिथे मास्तर म्हणतात, आणि बाबुराव मास्तर कोणाच्या शब्दावर सहसा हलत नाहीत. छगन पाटलांच्या शब्दावर ते हलले, हा त्या शब्दाचा सव्वीस वर्षांत साठलेला मान होता.

शनिवारी सात नंबरच्या लूमवर पेटी बसली, दिवे लागले, लूम सुरू झाला. कापड मात्र पुढे सरकेना. आडवे धागे एकावर एक ठोकले जाऊ लागले, आवाज बदलला, उभे धागे पटापट तुटू लागले. मास्तरांनी लूम बंद केला तेव्हा चार बोटे रुंदीचा, पुठ्ठ्यासारखा ताठ पट्टा तयार झाला होता. साडीसाठी लावलेल्या सुतातून असले कापड निघालेले लिंबायतने पूर्वी पाहिले नव्हते.

"छगनभाऊ, घर गळी राहिनं," पलीकडच्या लूमवरून हाक आली. "एक ताडपत्री द्या ना!"

संध्याकाळपर्यंत छगन पाटील 'ताडपत्रीवाले' झाले. तुटलेले धागे बांधायला तिघांचा अर्धा दिवस गेला. मास्तर एवढेच म्हणाले, "पुढच्या शनिवारी अजून एकदा, छगन. मग मात्र पेटी काढून ठेवू."

चूक सोमवारी दुपारी सापडली. पेटीला दोन आकडे सांगावे लागतात: एका इंचात आडवे धागे किती, ज्याला कारखान्यात 'पीक' म्हणतात, आणि लूमचा वेग किती. पीक बावन्न, वेग एकशे ऐंशी. एका ओळीत चंचलने ते उलट क्रमाने लिहिले होते. पेटीने इमानेइतबारे एका इंचात एकशे ऐंशी धागे कोंबायला घेतले. कंपायलर एक शब्द बोलला नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडेच होते.

चंचलला खरा धक्का बसला तो याचा, की हा धोका तिने ओळखला होता आणि त्यावर उपायही केला होता. साध्या पूर्णांकाला तिने दोन नवी नावे दिली होती, एक पिकासाठी, एक वेगासाठी. सी भाषेत अशी नावे देता येतात, ती वाचणाऱ्याला दिसतात आणि फार सुशिक्षित वाटतात. कंपायलर मात्र नावाआडचा मूळ प्रकार पाहतो, आणि तो दोन्हीकडे एकच होता.

"उलटे कर आणि भर," योगेश म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

त्या संध्याकाळी जेवताना छगन पाटलांनी विचारले, "पुन्हा असं होवाव नही, असं मास्तरले सांगू का मी?"

"ती ओळ पुन्हा चुकणार नाही, बाबा."

"ओळनं नही, मी यंत्रनं इचारी राहिनू."

ओळ चंचलला दिसत होती. अशा आणखी किती ओळी आहेत, हे दिसत नव्हते. वडिलांनी एकदा दिलेला शब्द खाली पडला होता. दुसऱ्यांदा त्यांच्या तोंडी कोणते वाक्य घालायचे, हे तिला ठरवता येईना.

मंगळवारी सकाळी नेहमीप्रमाणे दारात डबे पोचवणाऱ्या लखनची रिक्षा उभी होती. चंचलची आई उषाबाई डबे पुरवतात: बावीस डबे लिंबायतच्या कारखान्यांत, काळ्या मसाल्याचे, आणि आठ डबे कापड मार्केटातल्या जैन व्यापाऱ्यांना, कांदा-लसूण वर्ज्य. काही वर्षांपूर्वी, ऐन पर्युषणात, वांग्याचे भरीत मार्केटात आणि लसणाशिवायची डाळ कारखान्यात पोचली होती. व्यापाऱ्याने क्षमा केली. कारखान्यातल्यांनी अजून केलेली नाही. तेव्हापासून जैन डबे चौकोनी आणि बाकीचे गोल. रिक्षात मार्केटच्या फेरीची पेटी चौकोनी खणांची, आणि लिंबायतच्या फेरीची फळी गोल भोकांची.

लखन मूळचा परभणीचा. तो हातातल्या चौकोनी डब्याशी झगडत होता. "मावशी, ह्या भोकात हा बसंना गेला."

"बसावच नही! मार्केटना शे तो. ठेव तिकडे."

"मंग वर एक चिठ्ठी डकवा की. वाचून ठेवतो."

"तू नि वाचशी?" उषाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "पयले चिठ्ठ्याच व्हत्या ना रे! त्या येळले कोन वाचं? चिठ्ठी वाफमा भिजस नि गळी पडस. डबाच असा ठेवना, का दुसरी जागावर तो बसालेच नही पाहिजे."

चंचल कपाटाचे कुलूप एकदाच ओढून कामावर गेली. घरच्यांनी याची नोंद घेतली.

वर्कशॉपमध्ये तिने आपल्या दोन्ही सुशिक्षित चिठ्ठ्या काढून टाकल्या. सी भाषेत स्ट्रक्ट नावाची सोय आहे: अनेक गोष्टी एकत्र बांधण्याची जणू पिशवी. चंचलने एका स्ट्रक्टमध्ये एकच आकडा ठेवला, पीक. दुसऱ्यात एकच, वेग. आत दोन्हीकडे तसाच पूर्णांक, पण दोन स्ट्रक्ट कंपायलरच्या लेखी दोन भिन्न प्रकार. एकाच्या जागी दुसरा दिला, तर प्रोग्रॅम तयारच होणार नाही. चूक लूमवर नव्हे, टेबलावरच अडेल. चुकलेली ओळ तिने मुद्दाम तशीच ठेवली. आपल्या पहारेकऱ्यालाही तपासून घेणे तिच्या स्वभावात बसत होते.

कंपायलरने एकदम सतरा तक्रारी केल्या. चंचलने आनंदाने टेबलावर थाप मारली.

"सतरा चुका आल्या आणि तुला काय पेढे वाटायचेत?" योगेशने मान वर करून विचारले.

"आल्या नाहीत. होत्याच."

पंधरा जागी आकडे नुसतेच, डब्याबाहेर ठेवलेले होते. ते भरायचे एवढेच काम. सोळावी तक्रार ताडपत्रीच्या ओळीची. सतरावी वाचताना मात्र तिचा हात थांबला. वीज जाऊन परत आली की लूम पुन्हा सुरू करणाऱ्या भागात आकडे तसेच उलटे पडले होते. योगेशच्या दोन मिनिटांच्या सल्ल्याने शनिवारी लूम उत्तम चालला असता, लाईट जाईपर्यंत.

एक फट राहिली होती. डब्यात भरताना कोणी काय भरते, हे डब्याचा आकार तपासत नाही. उषाबाई जैन डबे आधी भरतात, झाकणे लावतात, मगच कांद्याला सुरी लावतात. चंचलने आकडे भरण्याची जागाही प्रोग्रॅममध्ये एकच ठेवली आणि ती आठ वेळा वाचली. शुक्रवारी जेवताना, कोणी विचारण्यापूर्वीच, तिने वडिलांना मास्तरांसाठी एक वाक्य दिले. छगन पाटलांनी ते दोनदा म्हणून पाहिले.

शनिवारी सात नंबर सुरू झाला. हातभर कापड निघाल्यावर मास्तरांनी मेन स्विच खाली ओढला आणि पुन्हा वर केला. लूम धक्का न देता चालू लागला. छगन पाटलांनी पेटीच्या दिव्यांकडे पाहिलेही नाही. कापडावर भिंग ठेवून, सुईच्या टोकाने एकेक धागा मोजला. बावन्न. विजेनंतरच्या कापडावर पुन्हा मोजला. बावन्न.

"मग छगन," मास्तर म्हणाले, "आता चुकणार नाही ना?"

छगन पाटलांनी पाठ केलेले वाक्य सावकाश म्हटले, "ही चूक होवाव नही. दुसरी कोनती व्हई, ते सांगता येस नही."

मास्तर म्हणाले, "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा अर्धाच शब्द दिलास तू."

"पोरनी पुरा देऊ नही दिना," छगन पाटील म्हणाले. मास्तर हसले आणि त्यांनी पेटीचे स्क्रू कायमचे आवळायला घेतले.

'ताडपत्रीवाले' हे नाव मात्र सुटले नाही. लिंबायतमध्ये एकदा बसलेले नाव कोणी परत घेत नाही. तो चार बोटांचा पट्टा उषाबाईंनी मागून आणला. तापलेली कढई उतरवायला त्या रोज तोच वापरतात, आणि चंचलला ऐकू जाईल अशा बेताने लखनला सांगतात, असं जाड कापड आख्ख्या सुरतच्या मार्केटमा भेटावं नही.