काकूंची अपॉइंटमेंट

वेबसाइट लोकांना वापरायला सोपी करून देणं हा माझा धंदा. त्यातला पहिला नियम असा, की वापरणाऱ्याच्या शेजारी बसायचं, तो कुठे अडतो ते बघायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मराठी माणसाला याहून अवघड काम नसेल.

त्या हिवाळ्यात आमच्या टीमकडे एका क्लिनिकची वेबसाइट होती. आमच्या गावात, नेपरव्हिलमध्ये, माझ्या मागच्याच रस्त्यावर एक काकू राहायच्या. काका गेल्यापासून एकट्या. बिलं, बँक, डॉक्टर, सगळं काका कॉम्प्युटरवर बघायचे. कॅलिफोर्नियातल्या मुलाने सांगून टाकलं होतं, की उन्हाळ्यापर्यंत हे तुला एकटीला जमलं तर ठीक, नाहीतर घर विकून माझ्याकडे ये. काकूंना घर सोडायचं नव्हतं. म्हटलं, वेबसाइटची चाचणी यांच्याकडेच करू, त्यांचाही हात बसेल.

काकू लॅपटॉपसमोर बसल्या. जन्मतारीख, इन्शुरन्स, चालू असलेली औषधं भरत गेल्या. एका जागी अडल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"अगं, नुसती बघत काय बसलीस? सांग की!"

"काकू, मला बोलायला अलाउड नाही."

"हे कसलं गं तुझं काम!" म्हणत त्या उठल्या आणि सरळ पोहे भिजवायला गेल्या. घरी आलेल्या माणसाला तसंच पाठवायचं, हे त्यांच्या रक्तातच नाही. कांदा चिरून, फोडणी देऊन, वर खोबरं घालून त्यांनी बशी माझ्या हातात ठेवली आणि परत येऊन बसल्या. तोवर, बराच वेळ कुणी काही भरलं नाही म्हणून, वेबसाइटने त्यांना बाहेर काढलं होतं. भरलेलं सगळं गेलं होतं.

"बघ, मला नाहीच जमत," त्या म्हणाल्या. "मुलगा म्हणतो ते बरोबर आहे." डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

माझं डोकंच फिरलं. काकूंवर नाही, आमच्यावर. ऑफिसात टेस्टिंगला येणारी माणसं खुर्चीला चिकटून बसतात. घरात कोण बसतं असं? मीटिंगमध्ये मी हे मांडलं. वेबसाइटची सिक्युरिटी बघणारा म्हणाला, पेशंटची माहिती उघडी ठेवता येत नाही. त्याचंही चूक नव्हतं. मी म्हटलं, मग लॉग आउट करा, पण भरलेलं जपून ठेवा. "पण लोक मध्येच उठतात कशाला?" त्याने विचारलं. त्यावर मी जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. बदल मात्र झाला.

बर्फ वितळायच्या आत काकूंनी डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट स्वतः घेतली. मध्येच नागपूरहून बहिणीचा फोन आला, भरपूर गप्पा झाल्या, मग उरलेलं भरलं. हळूहळू बाकीचंही शिकल्या. मला इतका आनंद झाला, की भेटेल त्याला मी हे सांगत सुटले.

मग त्यांच्या मुलाचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला असेल.

"ताई, आईने घर विकणं कॅन्सल केलं," तो म्हणाला. "ती सगळं मॅनेज करते आता. दॅट्स ग्रेट." मग हळूच म्हणाला, "पण मी तिची रूम रेडी केली होती. आता तिला इकडे ये म्हणायला काय रीझन देऊ?"

"खरं आहे ते सांग."

"आय मिस हर," तो पुटपुटला.

"ते मला मराठीत म्हणता येत नाही, ताई."