शनिवारची बाई

मैद्याच्या खळीचा वास आला की अलोऱ्याच्या वसाहतीतलं वाचनालय आठवतं. तिथे मी कामाला होते. शनिवारी फाटकी पुस्तकं चिकटवून झाली की लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायची. मुलं आपापल्या आईच्या मांडीवर बसत. माझी चार वर्षांची लेक मात्र सतरंजीवर एकटीच, आणि सगळ्यांसारखी मला बाईच म्हणायची. घरी गोष्ट सांगायचं त्राणच उरत नसे. एकदा सगळे गेल्यावर तिने माझा पदर ओढला, "बाई, आता आई व्हा ना." तिला मांडीवर घेऊन मी पुस्तक उघडलं आणि दुसऱ्याच पानावर मला झोप लागली. जाग आली तेव्हा चित्रं बघत ती मलाच सबंध गोष्ट सांगत होती, अगदी माझ्यासारखी थांबत थांबत. आता कामावरून आली की ती फोन करते आणि बोलता बोलता तिलाच डोळा लागतो. मी फोन ठेवत नाही, सांगत राहते.