वैशूच्या हातचं इंजेक्शन

हाटकेशला आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सी उभी होती आणि आई वर चादर गुंडाळून खिडकीत बसली होती. तिला ब्लड कॅन्सर होता. आदल्या संध्याकाळच्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनने ताप भरलेला. धाकट्या वैशूने माझ्या बॅगा डिकीत टाकल्या आणि "ताई, आईला चहा द्यायचाय," म्हणत परत वर पळाली. मी जर्मनीला निघाले होते, त्याच आजारावर संशोधन करायला. हात हलवायला खाली फक्त वॉचमन उरला.

तिकडे लॅबमध्ये माझ्याकडे ल्युकेमियाच्या पेशी होत्या, गुलाबी पाण्यात वाढणाऱ्या. रोगाशी लढणाऱ्या पेशी प्रथिनांतून एकमेकींना निरोप धाडतात. त्यातलं एखादं प्रथिन घातलं की माझ्या पेशी फोफावायच्या. इंटरफेरॉन हे दुसरं प्रथिन घातलं की मंदावायच्या. मायक्रोस्कोपखाली ते बघताना हरखायला व्हायचं, आणि लगेच आठवायचं. हेच औषध घरी वैशू आईला टोचत होती.

फोनवर आई तिचंच कौतुक सांगायची. "ती टोचते ते कळत पण नाही गं. मग हुडहुडी भरली की पाय चोळत बसते." मी रक्ताचा काउंट विचारला की म्हणायची, "ते वैशूला माहीत." आईसाठी वैशूचं कॉलेज सुटलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी ती "ताई, तुझी मज्जा आहे, बर्फ बघतेस," म्हणाली की मला रागच यायचा. मनात म्हणायचे, ने तुलाच हा बर्फ!

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा सिरिंज मी उचलली. आईने मांडी आखडून घेतली. "तू राहू दे. तिचा हात बसलाय. दमून आलीयेस, बस तू." वैशूने माझ्याकडे न बघता सिरिंज घेतली. मी पाहुण्यासारखी सोफ्यावर बसले.

पुढे नवीन गोळ्या आल्या, इंजेक्शन थांबलं, तापही गेला. आई आज बरी आहे; मासळी घ्यायला उत्तनला जाते आणि कोळणींशी हुज्जत घालते. मी जर्मनीतच राहिले. वैशू लग्न होऊन जवळच काशीगावात आहे.

घर सोडून गेलेल्यांनो, तुम्हाला हे सांगायला नको. दरवर्षी मी जिना चढून येते. वैशू केव्हाही येते, पर्समधून किल्ली काढून आत शिरते. मी बेल वाजवते.